आज नंबर कोणाचा

आमच्या शाळेत एक मामा होता. गोणपाटाचा. दोन पोती उसवून, माणसाच्या मापानं पुन्हा शिवून, आत कापसाचा कचरा ठासून भरलेला. त्याचं डोकं अंगापेक्षा जरा मोठंच झालं होतं, कारण डोकं शिवायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी काही करायला घेतलं की हात आखडता घेणं मला जमत नाही. त्याला कुणाचा तरी जुना सदरा घातला होता. रिकाम्या पडलेल्या एका खोलीत लोखंडी खाटेवर तो दिवसभर पडून असायचा. संध्याकाळी कुलूप लावताना शाळेचे शिपाई काकासुद्धा म्हणायचे, "मामा, येतो बरं का."

केदारखेड्याच्या पलीकडं आमचं गाव. शाळा दहावीपर्यंत. नववीत एका भाषेऐवजी व्यवसायाचा विषय घेता येतो, आणि आमच्याकडं तेव्हा दोनच होते: गाडी दुरुस्ती आणि आरोग्यसेवा. आरोग्यसेवा म्हणजे आजारी, म्हाताऱ्या, खाटेला खिळलेल्या माणसाचं सगळं कसं करायचं ते शिकायचं. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, ताप बघायचा, नाडी मोजायची. पोरं आम्हाला चिडवायची, "काय सिस्टर, सुई देऊन राह्यल्या का?" मी म्हणायचे, "ये, तुला पहिली देते, कुठं देऊ सांग." मंग गप बसायची.

शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या जालन्याच्या, मस्तगडला राहायच्या. रोज स्कूटीवर यायच्या, तोंडाला ओढणी अशी गुंडाळून की नुसते डोळे दिसायचे. आधी त्या दवाखान्यात नर्स होत्या. शिकवण्यासाठी प्लास्टिकचा पुतळा येणार, येणार म्हणून आम्ही वाट बघत बसलो, तो काही आला नाही. शेवटी मॅडम वैतागून म्हणाल्या, "पोती आणा रे." असा मामा झाला.

मॅडमचा एकच नियम होता आणि तो चुकला की त्या तोफेसारख्या उडायच्या. आधी सांगायचं, मग हात लावायचा. पोतं असलं तरी सांगायचं. "मामा, मी आता तुमची कूस बदलते." "मामा, पाणी कोमट आहे, हात पुसते." पहिल्या दिवशी आम्ही हसून हसून लोळलो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माणूस खाटेवर पडला की सगळे त्याला न विचारता हलवतात. गाठोड्यासारखं. तुम्ही नाही हलवायचं." मंग आम्हाला सवयच लागली. मी घरी बकरी सोडायची असली तरी बोलायचे, "चला, सोडते आता."

मला हा विषय मनापासून आवडला, अगदी जीव लावून. गणितात माझी गाडी कायम फसलेली, इंग्रजीत तर विचारू नका, पण मामाची कूस मी अशी बदलायचे की चादरीला एक सुरकुती पडायची नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुझा हात चांगला आहे गं." आतापर्यंत मास्तर लोकांनी माझ्या तोंडाबद्दलच बोललेलं, हाताबद्दल कुणी पहिल्यांदाच. मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. पुढं नर्सिंगला जायचं, जालन्याला शिकायचं, हे मी तेव्हाच मनात पक्कं करून टाकलं.

आता बेडपॅनचं सांगते. उठता न येणाऱ्या माणसाला खाटेवरच शौचाला बसवायचं ते चपटं भांडं. आमच्याकडं स्टीलचं होतं. त्यात मॅडम पाणी ओतून ठेवायच्या. ते मामाच्या कमरेखाली सरकवायचं, काढायचं, झाकून बाहेर न्यायचं, ओतायचं, घासून ठेवायचं. खरं काही नसायचं हो त्यात, नुसतं पाणी. पण भांडं ते भांडंच. कूस बदलायला, नाडी मोजायला सगळ्यांची झोंबाझोंबी, आणि बेडपॅनची पाळी आली की कुणाचं पोट दुखायचं, कुणाला मुख्याध्यापकांनी बोलावलेलं असायचं. मॅडमनी हजेरी नंबरानं पाळ्या लावल्या होत्या. पण ज्याचा नंबर तो म्हणायचा, "मॅडम, हिला चांगलं येतं, ही करते," आणि मी छाती काढून पुढं. खरंच चांगलं येत होतं मला. पाण्याचा थेंब सांडायचा नाही. मॅडमनाही तास उरकायची घाई असायची, त्या म्हणायच्या, "बरं, कर जल्दी."

आणि एक दिवस हे सगळं मी घरी सांगितलं. तेही ऐटीत.

घरात आम्ही पाच जण. आई, बाप, भाऊ, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे आजोबा, पण बापापासून भावापर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणतात. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत त्यांनी उमर काढली. आता घरी असतात, तरी सकाळी इस्तरीचा पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून ओट्यावर बसतात. कुठं जायचं नसलं तरी. कुणी विचारलं, "कुठं निघाले?" तर म्हणतात, "कुठंच न्हाई. म्हून काय कसं बी बसू का?"

तर मी चहा पिता पिता बोलून राह्यले होते. परीक्षा जवळ आलीय, बाहेरून परीक्षक येणार, करून दाखवावं लागणार. आणि मंग म्हणाले, "आबा, आमच्या वर्गात बेडपॅनला माझ्याइतका कुणाचाच हात न्हाई. रोज मीच करते. सगळे मलाच पुढं करतात."

आबांनी कप खाली ठेवला.

"रोज तूच?"

"हो मंग!"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बघतात की."

आबा उठून ओट्यावर गेले, परत आले, आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "उद्यापासून त्या तासाला जायचं न्हाई."

मला वाटलं मस्करी. तोंड बघितलं तर मस्करी नव्हती. मंग माझं जे तोंड सुटलं! दवाखान्यात काय नर्स करत नाहीत का, लोक त्यांना सिस्टर सिस्टर करत मागं फिरतात, मला एक गोष्ट बरी जमून राह्यली तर तीच तुमच्या डोळ्यात खुपते, मी नर्सिंगला जाणार म्हणजे जाणार. आई मागून खुणा करून राह्यली होती, गप बस म्हणून. मी कुठली गप बसते.

आबांनी मला सगळं बोलू दिलं. आणि मंग एकदम हळू आवाजात बोलले. त्यांचा आवाज हळू झाला की जास्त भीती वाटते.

"माझा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. मी लहान होतो, त्याच्या संगं दोर धरायला गेलेलो हाय. धम्म घेतला तव्हा आमच्या सगळ्या वस्तीनं ते काम सोडलं. सोडलं म्हणताच गावानं पाणी बंद केलं, दळण बंद केलं, मजुरी बंद केली. माझ्या आईनं भिजवलेली ज्वारी चावून चावून आम्हाला चारली. तरी बापानं दोराला पुन्हा हात लावला न्हाई. आता शाळेत, सरकारच्या शाळेत, गावाचं भांडं पुन्हा माझ्याच नातीच्या हातात? आणि ती हसत हसत सांगती?"

"तसं न्हाई आबा. नर्सचं काम वेगळं."

"नर्सच्या कामाला मी कुठं नाव ठेवलं? बिलकुल न्हाई. मी एवढंच इचारतो. बाकीचे कशापायी बघत होते?"

 मला राग आला, आबांचा, आणि त्याहून जास्त स्वतःच्या ऐटीचा. ज्याला मी आपला मान समजत होते तो मान होता की काय होतं, हेच कळेना. वर्गातल्या पोरांनी जाणूनबुजून केलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कुणीच काही ठरवलं नव्हतं. आपोआप झालं होतं. आणि आबांना त्या आपोआपचीच चीड होती, हे मला फार उशिरा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं शाळेत गेले. तास सुरू झाला तोच दारात आबा. पांढरा सदरा, खिशाला पेन.  मला वाटलं, आता हे दप्तरासकट मला ओढत घरी नेणार, आणि वर्गात माझी इज्जत जाणार ती वेगळीच.

आबांनी नमस्कार केला. म्हणाले, "मॅडम, मी हिचा आजोबा. नात रोज बेडपॅन उचलती म्हणून ऐकलं. कशी उचलती ते बघाया आलो."

मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आजोबा, असं काही नाही. आमच्याकडे नंबरानं पाळ्या आहेत. सगळ्यांना सगळं करावं लागतं. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय."

"मंग बराबर हाय. बसू का घडीभर?"

"बसा ना," मॅडम म्हणाल्या, पण तोंड फुगलेलं होतं. आबा मागच्या बाकावर बसले. मी त्यांच्याकडं बघायचंच टाळलं.

ताप झाला, नाडी झाली, सगळे कसे शहाण्यासारखे. मंग मॅडमनी बेडपॅन काढला आणि नंबर पुकारला. नंबर होता पाटलांच्या घरातल्या पोराचा. पोरगा तसा वाईट नाही, क्रिकेटवेडा, बडबड्या. पण आबांच्या वडिलांनी ज्यांच्या गोठ्यातली ढोरं ओढली ते घर त्याचंच. तो उठला आणि रोजच्या सवयीनं, अगदी हसत म्हणाला, "मॅडम, हिला करू द्या ना, हिला लई भारी येतं."

आणि मी, आबा मागं बसलेले असताना, सवयीनं अर्धी उठलेली होते.

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मंग त्या पोराकडं. मंग मागं आबांकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठं गेला, आणि जे आलं ते बघून मलाच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "बस खाली तू." मला. आणि पोराला म्हणाल्या, "नंबर तुझा आहे. ये."

पोरगा खाटेपाशी आला. तेवढ्यात आबा मागून उठून पुढं आले. त्यांनी मामाला दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीला टेकवून बसवलं. चपला काढल्या, खाटेखाली नीट लावून ठेवल्या. खिशातलं पेन काढून माझ्या बाकावर ठेवलं. आणि खाटेवर आडवे झाले.

"पोत्यावर किती दिस शिकणार? माणसावर शिक."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. इस्तरीच्या सदऱ्यात आबा त्या खाटेवर चक्क सरळ पडलेले, डोळे छताकडं.

पोरगा भांडं धरून उभा. त्यानं वाकून आबांच्या कमरेकडं हात नेला, तसे आबा म्हणाले, "थांब. आधी काय करायचं असतं?"

आधी सांगायचं. पोराला माहीत होतं, वर्गात सगळ्यांनाच पाठ. पण त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला कळलं तो का अडला. पोत्याला मामा म्हणायला काय जातं? पण त्याच्या घरात माझ्या आबांना नुसत्या नावानं हाक मारतात. अरे-तुरे करून. त्याचा आजोबा तशीच हाक मारतो, बाप मारतो, त्याचा बाप आबांच्या मांडीएवढा असल्यापासून मारतो. त्या पोरानं लहानपणापासून तेच ऐकलेलं. आता ते नाव घेऊन "कंबर उचल" म्हणणं त्याला जड, आणि दुसरं काय म्हणावं ते सुचेना. सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडं बघत होता. मी पण. मनात म्हणत होते, बोल बाबा, काहीही बोल, मामा म्हण, काका म्हण, पण नाव घेऊ नको.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मंग खाली बघून, एकदम बारीक आवाजात म्हणाला, "आबा, गुडघे दुमडा. कंबर उचलतो."

आबांनी गुडघे दुमडले.

 पोरानं कमरेखाली हात घातला, भांडं सरकवलं, थोडं पाणी आबांच्या सदऱ्यावर सांडलं. "सॉरी आबा," तो म्हणाला. आबा म्हणाले, "सांडू दे. वाळतं ते. हात हळू काढ, तिथं मणका हाय." मंग त्यानं भांडं काढलं, झाकलं, दोन्ही हातांनी धरून बाहेर नेलं. नळ सोडल्याचा, घासल्याचा आवाज येत राहिला. लई वेळ घासत होता.  मॅडम खिडकीतून बाहेर बघून राह्यल्या होत्या, आणि ओढणीनं तोंड पुसत होत्या.

आबा उठले. चपला घातल्या, माझ्या बाकावरून पेन घेतलं, खिशाला लावलं. सदरा मागून ओला. जाताना मॅडमना म्हणाले, "चांगलं शिकवता. नंबर तेवढा सोडू नका." मॅडम म्हणाल्या, "नाही सोडणार, आबा." त्यांनी पण आबाच म्हटलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाळ्या लावल्या तेव्हा मॅडमनी सगळ्यात वर स्वतःला घेतलं होतं, आणि खरोखर पहिली पाळी त्यांनीच केली.

आबा आले होते त्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी जाताना माझे पाय निघत नव्हते. आबा ओट्यावर होते. मी दप्तर न काढताच विचारलं, "मंग? जाऊ का उद्या तासाला?"

"जा की. नर्स हो, डॉक्टर हो. पण नंबर आला तर उचल. न्हाई आला तर हात बांधून बस. किती बी चांगलं येत असलं तरी."

मी म्हणाले, "हात बांधून बसायला मला जमत न्हाई, तुम्हाला म्हाइत हाय."

"म्हूनच सांगून राह्यलो," आबा म्हणाले.

परीक्षा झाली, पास झाले, दहावी झाली, बारावी झाली. आता मी जालन्यात नर्सिंगला आहे आणि रविवारी गावी येते. पाटलांचा पोरगा मोटारसायकलच्या शोरूमला लागलाय, दिसला की "काय सिस्टर" म्हणतो. त्या तासाबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

यंदा हिवाळ्यात आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. इस्तरीचा सदरा सुटला. बापानं दवाखाना केला, धावपळ केली, औषधं आणली, त्यात काही कमी नाही. पण घरी आणल्यावर खाटेवरचं सगळं आईच करून राह्यली होती. कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप. बाप लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमधून थकून यायचा, आबांजवळ बसायचा, आणि बेडपॅनची वेळ झाली की उठून बाहेर ओट्यावर जायचा. भाऊ तर त्याच्याही आधी जायचा.

मी आले त्या रविवारी सकाळी आईचं तोंड बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. बाह्या वर केल्या, हात धुतले आणि म्हणाले, "सर तू. मी करते."

आबांनी डावा हात वर केला. मला थांबवत होते. ओठ लई वेळ हलले, आणि मंग कसाबसा एक शब्द आला. "नंबर."

आई म्हणाली, "काय म्हणतात गं?" भावाला पण कळेना. मला कळलं.  मी विचारलं, "आबा, आज नंबर कोणाचा म्हणता?"

त्यांनी मान हलवली. आणि डाव्या हाताचं बोट दाराकडं केलं. दारात बाप चहाचा कप घेऊन उभा, बाहेर निघायच्या बेतात.

बाप गडबडला. "आबा, मला न्हाई जमत ते. हिला येतं, ही शिकलीय." अगदी तेच शब्द. माझ्या बापाच्या तोंडून.

आबांचं बोट खाली येईना. हात लटपटत होता तरी तसाच धरलेला.

मी बापाच्या हातातून कप घेतला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि हात बांधले. बाप माझ्याकडं बघत राहिला, मी काही उठेना. मंग तो खाटेपाशी गेला. मिलमधल्या गरम लोखंडानं घट्टे पडलेले त्याचे हात, ते कुठं ठेवावेत तेच त्याला कळत नव्हतं. त्यानं वाकून हात पुढं केला, तशी मी बसल्या जागेवरून म्हणाले, "आधी सांगा त्यांना."

बाप तसाच वाकलेला राहिला. मंग म्हणाला, "आबा, मी हाय. कंबर उचलतो."

त्यानं चुकीच्या बाजूनं धरलं. चादर गोळा झाली, पाणी सांडलं. मला सगळं दिसत होतं, कुठं हात घालायचा, कुठं जोर द्यायचा, माझी बोटं नुसती वळवळत होती. मी ती काखेत दाबून धरली. आबांनी डोळे मिटले आणि जड जिभेनं म्हणाले, "हळू." बाप म्हणाला, "हो आबा, हळूच." त्याच्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मी पण रडत होते. पण उठले नाही. नंबर माझा नव्हता.